छेत्रीचे ९५ गोल आणि आपण

भारताच्या फुटबॉल टीमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "छेत्रीचे गोल काय, सगळे नेपाळ-मालदीवला मारलेले." दर वेळी डोकं फिरतं. आज सविस्तर लिहितोच.

सुनील छेत्रीने भारतासाठी ९५ गोल केलेत. २००५ मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये गोल, आणि शेवटचा मार्च २०२५ मध्ये शिलाँगला, वयाच्या चाळिशीत. जून २०२४ मध्ये तो पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा पुरुष फुटबॉलमध्ये देशासाठी त्याच्यापेक्षा जास्त गोल जगात तिघांचेच होते: रोनाल्डो, इराणचा अली दाई आणि मेस्सी. छोट्या टीमविरुद्ध भरपूर गोल आहेत, मान्य. पण आपण वर्षभर खेळतो कुणाशी? जे समोर येतात त्यांनाच गोल मारणार ना माणूस! २०११ च्या एशियन कपमध्ये दक्षिण कोरिया आणि बहारीन समोर आले, त्यांनाही मारले. २०१९ ला अबुधाबीत थायलंडला दोन मारले, ती मॅच आपण ४-१ ने जिंकली.

आता दुसरी बाजू. २०२४ च्या एशियन कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तीन मॅच झाल्या आणि भारताचा एकही गोल नाही. त्या अख्ख्या वर्षात आपण एकही मॅच जिंकलो नाही. म्हणून तर निवृत्त माणसाला परत बोलवावं लागलं. आयएसएल या आपल्या देशातल्या लीगमध्ये बहुतेक क्लब नऊ नंबरला, म्हणजे गोल मारायच्या मुख्य जागेवर, परदेशी खेळाडू खेळवतात, आपली पोरं विंगवर नाहीतर बेंचवर. गोलसमोर उभं राहायची सवय क्लबमध्ये लागली नाही, तर देशाच्या जर्सीत ती येणार कुठून? माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

पण दोष फक्त क्लबांचा नाही, आपलाही आहे. जून २०१८, अंधेरीचं मैदान. चायनीज तैपेईविरुद्ध छेत्रीची हॅटट्रिक, भारत ५-० ने जिंकला, आणि बघायला माणसं अडीच हजारांच्या आसपास. मग कॅप्टन छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन द्या. पुढची केनियाविरुद्धची मॅच त्याची शंभरावी. तिकिटं संपली. मी गेलो होतो. पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट धूसर दिसत होता, बॉल पाण्यात अडकून थांबत होता. उत्तरार्धात त्याने पेनल्टी मारली, मग जेजे लालपेखलुआचा गोल, आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद बॉल टाकला. शेजारचे अनोळखी काका भिजलेल्या टोपीसकट माझ्या गळ्यात पडले. ३-०. स्टँड भरलेला असला की प्लेयरच्या पायात काय येतं, ते त्या दिवशी दिसलं.

त्याच्या आधीच्यांचं तर आपल्याला नावही आठवत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई! केरळचा आय. एम. विजयन लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकायचा, पुढे देशासाठी गोल मारत सुटला. त्याचे आणि बायचुंग भुतियाचे एकूण गोल किती, यावर याद्यांचंही एकमत नाही. आपण नीट मोजलेसुद्धा नाहीत. बायकांच्या टीममध्ये मणिपूरच्या बाला देवीने पन्नासच्या वर गोल केलेत, तिचं पोस्टर मी आजवर एकाही चौकात पाहिलेलं नाही.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवेड्यांची काय कमी आहे? शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की उभं राहायला जागा नसते. वर्ल्ड कप आला की गल्ली अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये वाटली जाते, मेस्सीचे कटआउट दुमजली घराएवढे. मेस्सीवर प्रेम करा, मीही करतो. पण २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला आपलाच अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा जेवढी छाती फुगली तेवढी पुढच्या पोरासाठीही फुगायला हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरलो आणि २०२७ च्या एशियन कपच्या पात्रता फेरीतूनच बाहेर पडलो. आपल्या छांगटेने त्या मॅचमध्ये सुंदर गोल मारला होता, त्यावर कोण बोललं? सगळे राजीनामे मागण्यात दंग.

मुंबईत किंवा फातोर्ड्याला भारताची पुढची मॅच जाहीर झाली की मी जाणार, समोर कुठलीही टीम असो. कोल्हापूर-सांगलीकडून कुणी येणार असेल तर खाली कमेंट करा. दहा-बारा जण झाले तर गाडी करू.