दिवा माणसाला मिळत नाही, गाडीला मिळतो

ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड मेसेज साधारण असा आहे: डॉक्टर, नर्स, आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक), सर्पमित्र, रुग्णसेवक या सगळ्यांना आपल्या खासगी गाडीवर इमर्जन्सी दिवा लावायचा हक्क आहे, आधार '१०८ कायदा'. वैद्यकीय सेवेला हिरवा, बचावकार्याला निळा. एलईडी ७ वॅटच्या आतला असेल तर परवानगीही नको. दिवा चालू असताना सिग्नल लागू नाही, चलान लागू नाही. दिवा नसेल तर चारही इंडिकेटर चालू ठेवून निघा, तेही चालतं. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवायची आज्ञा.

हा मजकूर मला भाच्याने पाठवला. आपदा मित्राचं प्रशिक्षण झालेला, पुराच्या पाण्यात उतरणारा पोरगा. 'मामा, दिवा मागवलाय, ग्रिलमागे बसतो' असंही त्याने वर लिहिलं होतं. त्याच्यासारख्या कामाच्या माणसांनाच हा मेसेज गाठतो, म्हणून उत्तर द्यावं लागतंय. रिकामटेकड्यांनी दिवे लावले असते तर पोलिसांनी बघून घेतलं असतं.

पहिल्यांदा तो '१०८ कायदा'. असा कायदा नाही. १०८ हा ॲम्ब्युलन्स बोलवायचा नंबर आहे. दिव्यांबद्दल जे आहे ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०८ मध्ये. आकडा जुळला हा निव्वळ योगायोग, पण मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आणि वाचणाऱ्याला वाटलं की १०८ सेवेशी संबंधित सगळ्यांना सवलत आहे.

हा नियम एकदा नीट वाचला की निम्मा मेसेज तिथेच संपतो. मूळ वाक्य, म्हणजे पोटनियम १, असं की कोणत्याही वाहनाने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला लालखेरीज दुसरा दाखवायचा नाही. मग अपवाद येतात. त्यातला एक ॲम्ब्युलन्सचा: रुग्ण वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स व्हॅनवरचा, जांभळ्या काचेचा, लुकलुकणारा लाल दिवा. इथे शब्द मोजून वापरलेत. दिवा रुग्ण नेणाऱ्या व्हॅनला आहे. रुग्णाकडे निघालेल्या डॉक्टरच्या गाडीला नाही, डॉक्टर कितीही मोठा असो आणि रुग्ण कितीही अत्यवस्थ असो.

लाल-निळ्या-पांढऱ्या बहुरंगी दिव्यांचा पोटनियम ४ वेगळा. १ मे २०१७ पासून त्याचं सध्याचं रूप लागू आहे. त्याच दिवशी राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश यांच्यासकट सगळ्या मान्यवरांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, आणि निळा दिवा कोणाला द्यायचा हे राज्य सरकारने मर्जीने ठरवायची तरतूदही गेली. उरल्या तीन प्रकारच्या कामांसाठी नेमून दिलेल्या गाड्या: आग विझवणं, पोलीस, संरक्षण दलं आणि निमलष्करी दलांचं कायदा-सुव्यवस्थेचं काम, आणि भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ, त्सुनामी किंवा अणु, रासायनिक, जैविक अपघात अशा आपत्तींचं व्यवस्थापन. या गाड्यांनीही त्या कामावर नसताना दिवा चालू करायचा नाही. शिवाय परवानगी कोणकोणत्या प्राधिकरणांना दिली आहे, त्याची यादी परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर सूचना काढून लोकांपुढे ठेवायची. ज्या गोष्टीची अशी वार्षिक यादी निघते, ती ग्रुपवर वाटलेल्या फोटोने कशी मिळेल?

आता 'आपत्ती व्यवस्थापन' हे शब्द नियमात आहेत, हे मान्य करावं लागतं. मेसेजवाल्याने तेवढेच उचलले. त्यांच्या अलीकडचा 'नेमून दिलेली वाहने' हा भाग त्याने सोडला, आणि सगळा नियम त्याच भागावर उभा आहे. नेमणूक गाडीची होते. आपदा मित्राला प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं, विमा मिळतो आणि किट मिळतं. त्या किटमध्ये लाईफ जॅकेट, टॉर्च, शिट्टी, हेल्मेट, गमबूट, हातमोजे, प्रथमोपचार पेटी असं सामान असतं. गाडीवरचा दिवा त्यात नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. पुराच्या वेळी तुमची जीप खरंच लागली, तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ खाली प्रशासन ती लेखी आदेशाने ताब्यात घेऊ शकतं. पुढे ती कोणत्या कामाला लावायची, हे आदेश काढणारे ठरवतील.

हिरवा आणि निळा हे प्रकरण कुठून आलं हेही सांगतो. ते अमेरिकेतून आलंय. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवक अग्निशामकांना खासगी गाडीवर निळा आणि स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकातल्या लोकांना हिरवा दिवा लावता येतो. कोणीतरी तो तक्ता मराठीत उतरवला आणि न्यूयॉर्क हे नाव वाटेत गळून पडलं. तिथेही अग्निशामकाला दिव्यासाठी आपल्या दलाच्या प्रमुखाची लेखी परवानगी लागते, आणि एवढं करून त्या दिव्याचा अर्थ 'कृपया वाट द्या' इतकाच. सिग्नल तोडायची मुभा त्यात नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरला तातडीच्या कामावर असताना हिरवा दिवा चालतो, पण वेगमर्यादा आणि लाल सिग्नल त्यालाही सुटत नाहीत. म्हणजे जिथला नियम चोरला, तिथेही मेसेजमधली सवलत नाही. आपल्याकडे तर हिरव्या दिव्याला आणीबाणीचा काही अर्थच नाही.

सगळ्यात हुशारीचा भाग ७ वॅटचा, त्यामुळे तिथे जरा थांबतो. हे कलम खरंच आहे. नियम १०८ च्या अपवादांमध्ये एक असा आहे की दिव्यातला बल्ब ७ वॅटपेक्षा जास्त शक्तीचा नसेल आणि त्यावर दुधी काच किंवा प्रकाश पसरवणारं तत्सम आवरण असेल, तर पुढे-मागे कोणत्या रंगाचा दिवा दाखवायचा याचं मूळ बंधन त्याला लागू नाही. दुकानदार हेच वाक्य मोबाईलवर दाखवून माल विकतात. पण पुढचं कोणी सांगत नाही. हा अपवाद पोटनियम १ ला आहे. बहुरंगी दिव्यांची बंदी पोटनियम ४ मध्ये आहे आणि तिथे वॅटचा उल्लेखही नाही. म्हणजे लाल-निळा फ्लॅशर ५ वॅटचा असो की ५० चा, तो नेमून दिलेल्या गाडीवरच.

दुसरं, दुधी काच. बाजारातल्या त्या पट्ट्या हातात घेऊन बघा. प्रत्येक एलईडीवर स्वच्छ पारदर्शक भिंग असतं. त्याचं काम प्रकाश एका दिशेला गोळा करून फेकण्याचं, पसरवण्याचं नव्हे. अट तिथेच मोडली. तिसरं, हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा डोळ्यांसमोर तारेचा बल्ब होता. ७ वॅटचा तारेचा बल्ब पन्नास-साठ ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) देतो, देवघरातल्या झिरोच्या बल्बच्या जवळपास. ७ वॅटचा आजचा एलईडी सहाशेच्या घरात जातो. दहापट प्रकाश, तोही सुईसारखा गोळा केलेला, वर लुकलुकणारा. रात्री पावसात समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्यातून रस्ता दिसत नाही, आणि त्याचं हेल्मेट ओरखड्यांचं असेल तर विचारूच नका.

तरीही बसवलाच, तर काय होतं? पट्टीला वेगळी, फ्यूजसकट वायर बॅटरीपासून ओढायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी पार्किंग लाईटच्या वायरला कट मारून जोड देतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. पहिल्या पावसाळ्यात टेपचा चिकटा सुटतो. ग्रिलमागची बारीक वायर पत्र्याच्या कडेला घासत राहते, आवरण जातं, शॉर्ट होतो आणि पार्किंगचा फ्यूज उडतो. बऱ्याच गाड्यांमध्ये मागचे टेल लॅम्प त्याच फ्यूजवर असतात. म्हणजे पुढे इमर्जन्सीचा लखलखाट हवा होता, आणि रात्री हायवेवर गाडी मागून पूर्ण काळोखी झाली. चालकाला पत्ताही नसतो, कारण हेडलाईट चालूच असतात.

डॅशबोर्डवर ठेवायचे दिवे आणखी वाईट. ते काचेवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतात. बाहेरच्याला मात्र ते कमरेच्या उंचीवर, पुढच्या बसच्या आड. ॲम्ब्युलन्सचा दिवा छतावर असतो तो शोभेसाठी नाही, चार गाड्यांच्या वरून दिसावा म्हणून असतो.

आता सगळ्यात घातक वाक्य: दिवा चालू असताना सिग्नल लागू नाही. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ मध्ये आणीबाणीच्या वाहनांना वाट द्यायचा क्रम दिला आहे. आधी अग्निशमन, मग ॲम्ब्युलन्स, मग पोलीस, मग वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवांच्या आणि आपत्तीच्या कामाला नेमलेल्या गाड्या. लाल सिग्नल ओलांडायची मुभा या गाड्यांना आहे, तीही पूर्ण काळजी घेऊन आणि खरी आणीबाणी असताना. तुमची हॅचबॅक या यादीत नाही. तिने सिग्नल तोडला तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खालचं धोकादायक ड्रायव्हिंग.

कायदा बाजूला ठेवा, चौकाचा हिशेब करा. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. आडव्या रस्त्याने हिरवा मिळालेल्या रिक्षावाल्याला तुम्ही दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात तुम्ही २५ मीटर आलात, म्हणजे थेट चौकात, त्याच्या अंगावर. आणि वाचतं किती? पाच किलोमीटर ताशी ४० ने साडेसात मिनिटांत होतात, ६० ने पाचात. तेही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. या अडीच मिनिटांसाठी डॉक्टर स्वतःच अपघात विभागात दाखल झाला, तर वाट बघणाऱ्या रुग्णाला काय उपयोग?

सायरनची गोष्ट वेगळी नाही. १९८९ च्या त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम ११९ नुसार अनेक सुरांचे हॉर्न बंद आहेत. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन व बचाव वाहनं, पोलीस अशा मोजक्यांना सूट आहे, आणि तिथेही आवाज नोंदणी प्राधिकरणाने मान्य केलेला असावा लागतो.

चार इंडिकेटर चालू ठेवून पळण्याचा सल्ला वरकरणी निरुपद्रवी वाटतो, म्हणून तो सगळ्यात जास्त पाळला जातो. घाटात, धुक्यात, पावसात तर तो रिवाजच झालाय. हॅझार्ड आणि इंडिकेटर यांचे बल्ब तेच असतात. हॅझार्ड चालू असताना बहुतेक गाड्यांत डावी-उजवी कांडी दाबून काही फरक पडत नाही. तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला सांगायची सोयच तुम्ही घालवली. त्यात मध्ये ट्रक आला आणि तुमची एकच बाजू दिसली, तर मागच्याला वाटतं तुम्ही वळताय, आणि तो दुसऱ्या बाजूने घुसतो. हॅझार्ड हे थांबलेल्या गाडीचं साधन आहे.

'चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे' असंही या मेसेजच्या एका आवृत्तीत घुसडलंय. मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे, पण ते अपघातग्रस्ताला मदत करताना झालेल्या चुकीबद्दल. मदतीला जाताना तुम्ही कोणाला उडवलंत तर ते तुमच्या कामाचं नाही.

दंडाचं थोडक्यात. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पदाचा धाक दाखवायला दिवा वापरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०४, म्हणजे लोकसेवक असल्याचा बहाणा, हेही दूर नाही. 'साहेब लोकांना कोण विचारतं' म्हणणाऱ्यांनी जुलै २०२४ मधली पुण्यातली खासगी ऑडी आठवावी. परिविक्षाधीन सनदी अधिकारी ती वापरत होत्या, तरी दिव्यावरून वाहतूक पोलिसांनी गाडी ताब्यात घेतलीच. काचेवरच्या लाल क्रॉसबद्दलही जाता जाता: ते चिन्ह डॉक्टरांचं नाही. जिनिव्हा करार कायदा १९६० च्या कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. रुग्णाला न नेता, फक्त त्याच्यापर्यंत उपचार पोचवणारी गाडी ही कल्पना आपल्याकडेही मान्य आहे. ॲम्ब्युलन्सच्या एआयएस-१२५ मानकात टाईप ए हा प्रकार त्यासाठीच आहे, आणि मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने मोटरबाईक ॲम्ब्युलन्स सुरू केल्या त्या याच धर्तीवर. पण ती बाईक ॲम्ब्युलन्स म्हणून नोंदवलेली असते. स्वतःच्या गाडीचं आरसी बुक काढा आणि वाहनाचा वर्ग वाचा. तिथे 'मोटार कार' असेल तर विषय संपला. संस्थेकडे खरंच बचावाची गाडी असेल तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत ती नेमून घ्यायचा अर्ज करा. वेळ लागेल, पण रस्ता तोच.

ऑन-कॉल डॉक्टरने काय करावं? वेळ खरोखर मिनिटांवर असेल तर आपल्याला न्यायला ॲम्ब्युलन्स पाठवा, असं हॉस्पिटलला सांगावं. वाटेत अडकल्यास ११२ ला फोन करून जागा आणि कारण सांगावं, आणि ओळखपत्र हाताशी ठेवावं. अपघाताच्या जागी थांबणाऱ्याने गाडीत चार वस्तू ठेवाव्यात: परावर्तक त्रिकोण, परावर्तक जॅकेट, डोक्याला लावायचा टॉर्च, हातमोजे. हॅझार्ड इथे लावायचे, गाडी थांबल्यावर. त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. आणि तो ठेवायला जाताना जॅकेट आधी अंगात.

ज्यांनी दिवा बसवलाय त्यांनी काढताना नुसती पट्टी उपटू नये. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, वायर जिथे मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याला) जोडली आहे तिथपर्यंत मागे जा, जोड तिथून काढा आणि कट मारलेली जागा हीट-श्रिंक स्लीव्हने (गरम केल्यावर आकसणाऱ्या नळीने) बंद करा. लोंबती वायर ग्रिलमागे ठेवली तर शॉर्टचा धोका दिवा गेल्यावरही तसाच राहतो. मग किल्ली फिरवून दोन्ही टेल लॅम्प आणि नंबरप्लेटचा दिवा मागे जाऊन डोळ्यांनी बघा. भाच्या, तुझं पार्सल अजून फोडलेलं नाही ना? मग परत कर.