मांडीवर गप्प बसलंय, म्हणजे माणसाळलं?

बाहेरून आणलेलं मांजराचं भित्रं पिल्लू टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेलं आणि खाली ओळ, ‘पहिल्याच दिवशी लळा लागला!’ असले फोटो अधूनमधून समोर येतात. त्यावर बदामांचा पाऊस पडतो. मी मात्र आधी पिल्लाचे कान बघते. ते आडवे, डोक्याला चिकटलेले असतात. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या पसरलेल्या की डोळ्यांचा रंगच दिसत नाही. पाय अंगाखाली, शेपूट अंगाशी आवळलेली. हे पिल्लू निवांत नाही, थिजलंय. पळायला वाट नाही, लढायला ताकद नाही, मग उरतं ते निपचित पडून राहणं.

म्हणून फिस्कारणारं पिल्लू आलं की मला उलट हायसं वाटतं. तळहाताएवढा जीव पाठीची कमान करतो, अंगावरचा केस न केस उभा करतो, आणि थुंकल्यासारखा आवाज काढून आपल्याला हाकलायला बघतो. त्याला भीती वाटतेय आणि ती तो बोलून दाखवतोय. त्यावर काम करता येतं. गप्प पिल्लाचं काय चाललंय ते पटकन कळत नाही, आणि ‘किती शहाणं आहे’ म्हणून त्याला या हातातून त्या हातात फिरवलं जातं. समाधानाच्या समजल्या जाणाऱ्या गुरगुरण्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मांजर दुखत असताना, घाबरलेलं असतानाही गुरगुरतं.

माझी मोजपट्टी साधी आहे. पिल्लू माझ्यासमोर खातं का? माझ्यासमोर खेळतं का? मी खोलीत आल्यावर आपणहून दोन पावलं पुढे येतं का? ही तिन्ही उत्तरं ‘हो’ येईपर्यंत मांडीचा विषय नाही. आपला हात सहन करायला शिकलेलं पिल्लू आणि आपला हात हवासा वाटणारं पिल्लू यांत फार मोठा फरक आहे. नव्या घरी गेल्यावर तो आठवड्याभरात उघडा पडतो.

आता न आवडणारी गोष्ट. ‘प्रेम दिलं की सगळी मांजरं माणसाळतात’ हे खरं नाही. प्रेमाआधी वय येतं. मांजराच्या पिल्लाचा माणसाला ‘आपलं’ मानायला शिकण्याचा काळ साधारण दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि सातव्याच्या आसपास ओसरायला लागतो. नंतर दार बंद होतं असं नाही, पण ते जड होत जातं. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्या पिल्लांपेक्षा माणसाजवळ जास्त रमली. रोज ४० मिनिटं हाताळलेली १५ मिनिटंवाल्यांपेक्षा जास्त लळा लावणारी निघाली. रक्तातही काही उतरतंच. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ च्या अभ्यासात धीट, माणसाळू बोक्याची पिल्लं जास्त धीट निघाली. बोका पिल्लं वाढवायला थांबत नाही, तेव्हा हे संगतीतून आलं असं म्हणता येत नाही. एकाच घरात वाढलेल्या दोन वेगळ्या वेतांची पिल्लं मेहनत तेवढीच घेऊनही वेगळी का वागतात, याचं थोडं उत्तर इथे आहे.

त्यामुळे पिल्लू हातात आलं की पहिला प्रश्न, वय किती? डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसतात, मग सुळे, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत दाढा. निळे डोळे सहाव्या-सातव्या आठवड्यात रंग बदलू लागतात. नीट पोसलेलं पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं, पण बाहेरच्या पिल्लांच्या वजनावर जाऊ नका. उपासमारीने दहा आठवड्यांचं पिल्लू सहाचं दिसतं आणि आपण चुकीच्या आशेवर कामाला लागतो. दात बघा.

माझं मत, ज्यावरून बरेच लोक माझ्यावर रागावलेले आहेत, असं आहे : माणसाचा हात कधीच न लागलेलं चार महिन्यांपुढचं पिल्लू फोस्टर घरात, म्हणजे दत्तक जाईपर्यंत पिल्लं तात्पुरती सांभाळतात तिथे, आणू नये. त्याची नसबंदी करावी, लस द्यावी, कानाचं टोक कापून खूण करावी, आणि जिथे त्याला रोज खायला घालणारं कुणी आहे त्याच जागी परत सोडावं. ‘परत रस्त्यावर?’ हो. ज्याला तुम्ही रस्ता म्हणता ते त्याचं घर आहे. तिथल्या भिंती, आडोसे, जेवणाची वेळ त्याला पाठ आहे. तुमची सजवलेली खोली त्याच्यासाठी कैद आहे. हट्टाने आत आणलेली अशी मांजरं मी पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या तरी पलंगाखाली राहताना पाहिली आहेत. रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन खायचं, दिवसभर भिंतीला चिकटून बसायचं. कागदोपत्री त्यांना घर मिळालं. मांजराला काय मिळालं?

अपवाद असतात, मलाही माहीत आहेत. सहा महिन्यांचा एखादा बोका आपणहून पायाला अंग घासतो. तो बहुतेक कधीतरी कुणाच्या घरात राहिलेला, मग सोडून दिलेला असतो. असं सोडून दिलेलं मांजर आणि माणूस कधीच न पाहिलेलं मांजर पिंजऱ्यात पहिल्या दिवशी सारखीच घाबरतात, म्हणून दोन-तीन दिवस थांबून बघायचं. आणि आठ ते बारा आठवड्यांच्या मधल्या पिल्लांसाठी नियम नाही, तिथे स्वभाव बघून ठरवते. पण एक अडलेलं, मोठं पिल्लू खोली महिनोन् महिने अडवून बसतं, तेव्हा पाच आठवड्यांची किती पिल्लं दाराबाहेर राहतात आणि त्यांचीही वेळ निघून जाते, हा हिशोब कुणी फोटोखाली लिहीत नाही.

याच्या उलट टोकाचाही उतावळेपणा आहे. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं एकटी दिसली की उचलली! अहो, आई खाणं शोधायला गेलेली असते. लांब उभं राहा, वाट बघा. आईसकट आणता आलं तर उत्तम. नाही तर जागा सुरक्षित असेल तर पाचव्या आठवड्यापर्यंत पिल्लं तिच्याकडेच राहू द्या. मात्र त्यापुढे फार लांबवू नका, कारण आपल्याला बघून ती फिस्कारते आणि पिल्लं ते शिकतात.

खोलीबद्दल थोडक्यात. लहान हवी, बाथरूमही चालेल. पलंग, कपाटामागची फट, ज्या कोपऱ्यात तुमचा हात पोचत नाही असं काहीही नको. लपायला खोका मात्र हवाच. ‘लपूच दिलं नाही की लवकर सवय होते’ हा सल्ला अजून फिरतो, तो चुकीचा आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर बघितलं, तर खोका मिळालेली मांजरं लवकर सावरली. घरातल्या मांजरांपासून निदान दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवा. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा संसर्गजन्य आजार झाला तर पिल्लं पटापट जातात. पिसवांनी लहान पिल्लाचं रक्त इतकं कमी होतं की त्यानेही जीव जाऊ शकतो. जंतांचं औषध व्हेटला विचारून. आणि चावलं किंवा ओरखडलं तर ‘छोटंसंच आहे’ म्हणायचं नाही. १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजशी वाद घालता येत नाही.

आता खरं काम, आणि ते कमालीचं कंटाळवाणं आहे. जमिनीवर बसायचं. पिल्लाकडे पाठ किंवा कूस करून, रोखून न बघता. मी मोठ्याने काहीतरी वाचते. ऑफिसचे मेलसुद्धा वाचून दाखवले आहेत, एकाही पिल्लाने तक्रार केली नाही. कोरडं खाणं आणि पाणी दिवसभर असतंच, लहान पिल्लाला उपाशी ठेवून माणसाळवणं हा क्रूरपणा आहे आणि धोकाही, साखर झपाट्याने उतरते. पण चविष्ट, वासाचं, ओलं मांसाचं खाणं फक्त मी खोलीत असताना. त्यात कांदा-लसूण अजिबात नको. पहिल्यांदा बशी खोक्याच्या तोंडाशी आणि मी दाराजवळ. मग बशी रोज थोडी माझ्या बाजूला. मग लांब दांड्याचा चमचा. चमचा चाटायला लागलं की अर्धा डोंगर चढलो असं समजा. पुढे दांडा आखूड होत जातो आणि त्याच्या टोकाला हात आहे हे पिल्लाला कळतं, तोवर त्या हाताला मांसाचा वास लागलेला असतो.

पहिला स्पर्श खाता खाता, दुसऱ्या हाताने, खांद्यावर किंवा गालावर. वरून डोक्याकडे येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो, तेव्हा बाजूने, खालून. एक-दोनदा बोट फिरवायचं आणि थांबायचं. त्याला नको वाटायच्या आत थांबायचं, हे सगळ्यांत अवघड, कारण आपल्याला तेव्हाच आणखी हवं असतं. डोळे हळूच अर्धे मिटून उघडणं हे मांजरप्रेमींचं खूळ वाटायचं मला, पण ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात मांजरांनी त्याला उत्तर दिलं आणि तसं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे ती जास्त आली. फुकट आहे, करून बघा. मानगूट धरून उचलणं मात्र बंद करा. ‘आईही तसंच उचलते’ हे कारण चालणार नाही, तुम्ही आई नाही. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आता मानगूट धरू नका असंच सांगितलंय.

हाताशी खेळू देऊ नका. आज गोड वाटतं, वर्षभराने तोच पंजा एखाद्या मुलाच्या गालावर बसतो. खेळायला दोरीला पीस बांधलेली काठी घ्या. अत्यंत भित्रं पिल्लूही दोरीपुढे भान विसरतं. बऱ्याचदा ते पहिल्यांदा माझ्या पायावरून धावतं ते माझ्या प्रेमाखातर नव्हे, पिसाच्या मागे.

भावंडांचं बघून ठरवावं लागतं. चार पिल्लं एका खोक्यात असली की एकमेकांना चिकटून बसतात, आणि सर्वांत भित्रं असतं ते सगळ्यांत मागे. अशाला दिवसातून काही वेळ एकटं माझ्याबरोबर ठेवते, नाहीतर एका धीट भावंडाबरोबर. दुसरा मार्ग कधी कधी जादूसारखा चालतो. भाऊ माझ्या हातातून खातोय आणि मेला नाही, हे डोळ्यांनी बघितल्यावर पटतं. पूर्ण एकटं मात्र वाढवू नये, चावण्याची मर्यादा पिल्लं एकमेकांकडूनच शिकतात.

आणि फक्त माझ्यावरच जीव टाकणारं पिल्लू म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. अनेक माणसांनी हाताळलेली पिल्लं अनोळखी माणसाला कमी घाबरतात, हे १९६७ पासून माहीत आहे. म्हणून पिल्लू माझ्याकडे स्थिरावलं की मी ओळखीच्यांना बोलावते. जाड आवाजाचे पुरुष, चष्मेवाले, दाढीवाले, शांत बसू शकणारं एखादं मूल. प्रत्येकाच्या हातात चमचा. आवाजाची सवय व्हावी म्हणून मिक्सर लांबच्या खोलीत लावते. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, पहिल्या दिवसापासून खोलीत उघडी, आत जेवण.

दत्तक घेणाऱ्यांना मी लेखी सांगते, पहिले काही दिवस एकच छोटी खोली, खोका, आणि पाहुणे नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी फोन येतोच, ‘तुमच्याकडे तर मांडीवर बसत होतं, इथे सोफ्याखालून निघत नाही.’ मी विचारते, सोफा त्या छोट्या खोलीत कसा आला? मग पलीकडे थोडी शांतता, मग कळतं की पिल्लाला सगळं घर दाखवून झालंय, शेजारीही बघून गेलेत. ठीक आहे. सोफ्याखालून ओढून काढू नका, खोली बंद करा, बशी घ्या, जमिनीवर बसा. चमचा मी पिल्लाबरोबर पाठवलेल्या पिशवीतच आहे.