साध्या डिजिटल घड्याळातली कारागिरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. रोजच्या वापराला स्वस्त डिजिटल घड्याळाइतकं चांगलं दुसरं काही नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हे प्लास्टिकचं खेळणं आहे, त्यात कारागिरी औषधालाही नाही, वेळ तर फोनवरही दिसते आणि पट्टा तुटला की ते थेट कचऱ्यात जातं. वडिलांचं चावीचं घड्याळ तुम्ही अजून जपून ठेवलं आहे आणि त्याच्यापुढे याला घड्याळ म्हणायलाच तुमचं मन घेत नाही.

फोनचा मुद्दा आधी संपवतो. हात ओले असतात, कडेवर मूल असतं, दोन्ही हातांत सामान असतं, तेव्हा मनगटाकडे टाकलेली एक नजर पुरते. आणि वेळ बघायला काढलेला फोन लगेच खिशात परत जात नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

खरा वाद कारागिरीचा आहे. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही ती चुकीच्या जागी शोधताय असं माझं मत आहे.

पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ, हॅमिल्टन कंपनीचं पल्सार, १९७२ साली बाजारात आलं ते १८ कॅरट सोन्याच्या केसमध्ये. चैनीची वस्तू होती ती. पण त्याचे लाल एलईडी आकडे इतकी वीज खात, की ते सतत पेटते ठेवणं शक्यच नव्हतं. वेळ बघायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबावं लागे. म्हणजे सोनं होतं, दिमाख होता, पण एका हाताने वेळ बघण्याची सोय नव्हती. ती सोय आली एलसीडीमुळे. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. त्याच्या एखाद्या भागाला विजेचा दाब दिला की तिथल्या रेणूंची मांडणी बदलते, पोलरायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारा पातळ पापुद्रा) तिथला प्रकाश अडवतो आणि तो भाग काळा दिसतो. हा डिस्प्ले स्वतः प्रकाश देत नाही, आजूबाजूचा वापरतो. त्यामुळे भर उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो, तेव्हा हे आकडे छापील अक्षरांसारखे स्पष्ट दिसतात.

आता विजेचा हिशोब बघा. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या. १९८९ साली आलेलं हे घड्याळ आजही जवळजवळ त्याच रूपात विकलं जातं. र्‍युसुके मोरिआई यांनी कॅसिओसाठी केलेलं ते पहिलं डिझाइन. वजन २१ ग्रॅम. आत सीआर२०१६ हा चपटा सेल असतो, २० मिलिमीटर व्यासाचा आणि १.६ मिलिमीटर जाडीचा. त्यावर घड्याळ सुमारे ७ वर्षं चालेल असं कंपनी सांगते. अशा सेलची क्षमता साधारण ९० मिलिॲम्पिअर-तास असते आणि ७ वर्षांचे तास होतात ६१ हजारांच्या वर. भागाकार केलात तर सरासरी दीड मायक्रोॲम्पिअर येतो, म्हणजे ॲम्पिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. एवढ्याशा विजेवर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. त्या ठोक्यावर तास, मिनिटं, सेकंद, वार, तारीख, गजर आणि स्टॉपवॉच असं सगळं चालतं. कंपनीच्या मते घड्याळ महिन्याला फार तर ३० सेकंद मागेपुढे होईल. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर चाचणीत, म्हणजे घड्याळाच्या अचूकतेच्या परीक्षेत, उत्तम यांत्रिक घड्याळांना दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढी सूट असते.

यात कारागिरी नाही कशी म्हणू? वडिलांच्या घड्याळातली कारागिरी पितळी चाकांच्या दात्यांत दिसते, इथली काटकसरीत आहे. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. या घड्याळाला वर्षच ठाऊक नसतं. त्याचा फेब्रुवारी नेहमी २८ दिवसांचा, म्हणून लीप वर्षात २९ तारखेला ते १ मार्च दाखवतं आणि ती हाताने दुरुस्त करावी लागते. ४ वर्षांतून एकदा करायच्या या कामाच्या बदल्यात एक सेटिंग कमी झालं, एक बिघाडाची जागा कमी झाली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आणि हे घड्याळ हातावर असताना त्याची काळजी वाटत नाही. ओरखडा पडेल, आदळेल, चोरीला जाईल असलं काही मनात येत नाही. रोज चार्ज करायला नको, चावी द्यायला नको. ते कुणाचा निरोप आला म्हणून थरथरत नाही, पावलं मोजून तुम्हाला कमी लेखत नाही. रोज वापरायच्या वस्तूकडून मला हेच हवं असतं.

कचऱ्याबद्दलचं तुमचं बोलणं मात्र मला पटतं. रेझिनचा पट्टा कालांतराने कडक होतो, छिद्रांपाशी चिरतो आणि चालू घड्याळ टाकून दिलं जातं. पट्टा बदलता येतो, मागचे ४ स्क्रू काढून सेलही बदलता येतो, पण नवं घेणं सोपं पडतं म्हणून लोक तसदी घेत नाहीत. ती तसदी घ्यायलाच हवी. सेल बदलताना आतला रबरी वॉशर नीट बसला की नाही, तेही पाहावं. एफ-९१डब्ल्यूचा दिवा अगदीच मिणमिणता आहे, हेही खरं. आणि ज्या घड्याळावर फक्त ‘वॉटर रेझिस्ट’ एवढंच लिहिलेलं असतं, ते घाम आणि पावसापुरतं. पोहायचं असेल तर निदान ५० मीटरचं घ्या.

वडिलांचं घड्याळ बाजूला ठेवा असं मी कधीच सुचवणार नाही. पण ते बराच काळ बंद असेल तर एकदम चावी देऊन वापरायला काढू नका. आतलं तेल सुकून घट्ट झालेलं असतं आणि तशात ते चाललं तर आसांची झीज होते. आधी जाणत्या घड्याळजीकडून उघडून, साफ करून, नवं तेल घालून घ्या. तो जुनी डायल चकचकीत करून देतो म्हणाला तर नको म्हणा.