गप्प बसण्याची 109 मिनिटं

'सायको' पहिल्यांदा बघायला फारसं काही लागत नाही. अंधार, बसायला जागा आणि बऱ्यापैकी धडधाकट काळीज. दुसऱ्यांदा एकट्याने बघायलाही काही लागत नाही. पण ज्याने तो कधीच बघितलेला नाही अशा माणसाला शेजारी बसवून तो पुन्हा बघायचा, तर जिभेवर ताबा, चेहऱ्यावर ताबा आणि मांडीवर एक उशी हवीच. उशी घाबरून तोंड लपवायला नाही, हसू लपवायला.

पुढे जाण्याआधी एक सूचना. 1960 साली, हा सिनेमा आला तेव्हा, दिग्दर्शक हिचकॉकने दंडक घातला होता, की सिनेमा सुरू झाल्यावर थेटरात कुणालाही सोडायचं नाही. माझा दंडक उलटा आहे. ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांनी आत्ताच बाहेर पडावं, कारण या लेखात आई कोण आहे ते उघड सांगितलेलं आहे.

तर पहिली अडचण म्हणजे नवखा मिळणं. साठ वर्षं उलटून गेलेल्या सिनेमाचं गुपित कुणाला माहीत नसेल असं वाटत नाही, पण असतात अशी माणसं. बहुतेकांना फक्त न्हाणीघर माहीत असतं: पडदा, सुरा आणि किंकाळी. तेवढं माहीत असलं तरी चालतं, किंबहुना चांगलंच. न्हाणीघर माहीत असलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला सगळंच माहीत आहे, आणि तो निर्धास्त बसतो. ज्याला आईचं प्रकरण माहीत नाही तो आपल्या कामाचा. इंजिनिअरिंगला असलेला भाचा उत्तम, फक्त त्याचा मोबाइल चार्जिंगच्या निमित्ताने आतल्या खोलीत ठेवायचा. नाहीतर विसाव्या मिनिटाला "ही बाई अजून कशात होती?" म्हणून तो नटांची यादी उघडणार, आणि त्या यादीखाली काय काय लिहिलेलं असतं ते देवच जाणे.

दुसरी तयारी टीव्हीची. शोधताना 1998 चा रंगीत 'सायको'ही समोर येतो. तो जवळजवळ शॉटला शॉट लावून केलेली नक्कल आहे आणि त्यात रक्त लाल दिसतं. आपल्याला कृष्णधवल हवा. मग सबटायटल्स. ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या सबटायटल्समध्ये आवाज कुणाचा ते कंसात लिहायची पद्धत असते, आणि या एकाच सिनेमात तो कंस घातक ठरू शकतो. साधी सबटायटल्स लावायची आणि घरावरून आई-मुलाच्या भांडणाचा आवाज येतो तेवढा तुकडा आदल्या दिवशी तपासून ठेवायचा. ऑटोप्ले बंद. शेवटचं चित्र काही सेकंदांचंच आहे. तेवढ्यात कोपऱ्यात 'पुढचा चित्रपट' उगवला की सगळं मुसळ केरात.

आवाजाचंही बघावं लागतं. संवाद हळू आहेत, म्हणून आपण आवाज वाढवत नेतो. संगीतकार बर्नार्ड हरमनने या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं वापरली: व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास. ढोल नाही, पिपाणी नाही. पण न्हाणीघरात ती व्हायोलिनं किंचाळतात तेव्हा वाढवलेला आवाज तसाच राहिलेला असतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात. शिवाय दार वाजलेलं ऐकून नवखा जो उडतो तो वेगळाच. मोटेल चालवणारा नॉर्मन सँडविच घेऊन येतो तेव्हाच दोन टप्पे आवाज कमी करून ठेवावा. पहिल्या विचारात हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीत नकोच होतं. हरमनने ते लिहून ऐकवलं आणि त्याने मत बदललं. काकूंच्या बाजूने बोलायचं तर मूळ विचार वाईट नव्हता.

आता सिनेमा. फिनिक्स शहर, शुक्रवार, 11 डिसेंबर, दुपारचे 2 वाजून 43 मिनिटं. इतका काटेकोर तपशील पडद्यावर आला की नवखा सावरून बसतो. त्याला वाटतं, हा पुढे उपयोगी पडणार. नायिका मॅरियन ऑफिसचे 40,000 डॉलर घेऊन पळते आणि भाचा त्या पैशांत गुंततो. ती वाटेत गाडी बदलते, वर 700 रोख मोजते. मोटेलात बसून कागदावर वजाबाकी करते: 39,300. भाचाही मनातल्या मनात वजाबाकी करतो. "परत करणार वाटतं!" हे तो इतक्या कळकळीने म्हणतो की आपल्याला भरून येतं. आपल्याला माहीत असतं की ही वजाबाकी कुणालाच उपयोगी पडणार नाही. पण तोंडावरची माशीसुद्धा उडता कामा नये.

खरी परीक्षा त्याआधीच सुरू झालेली असते, नॉर्मनच्या ऑफिसमागच्या खोलीत. हा प्रसंग पहिल्यांदा बघताना करुण वाटतो. दुसऱ्यांदा तो मला सिनेमातला सगळ्यात विनोदी प्रसंग वाटतो, आणि हिचकॉकलाही तसाच वाटत असणार, कारण या अख्ख्या सिनेमाला तो गंमत म्हणायचा. आधी किल्ली बघा. मॅरियन वहीत खोटं नाव लिहिते, गावाचं नाव सांगताना पर्समधल्या वर्तमानपत्राकडे बघते आणि "लॉस एंजेलिस" म्हणते. तेव्हा नॉर्मनचा हात तीन नंबरच्या किल्लीवर गेलेला असतो. तो थबकतो, सरकतो आणि एक नंबरची किल्ली उचलतो. एक नंबरची खोली ऑफिसला लागून, आणि मधल्या भिंतीला भोक. बारा खोल्या, बाराही रिकाम्या, आणि हात एकवर. पहिल्यांदा बघणाऱ्याचं लक्ष त्या हाताकडे सहसा जात नाही. आपलं जातं. आणि आपण "हात बघ, हात" असं म्हणायचं नसतं.

मग दूध, सँडविच आणि पेंढा भरलेले पक्षी. "आई आज, काय म्हणतात ते, जरा आपल्यात नाहीये." "मुलाचा सगळ्यात जवळचा मित्र म्हणजे त्याची आई." "ती या पेंढा भरलेल्या पक्ष्यांइतकीच निरुपद्रवी आहे." आई कधीच मेलीय, तिचं पेंढा भरलेलं शव घरात आहे, आणि आईच्या वेशात वावरतो तो नॉर्मनच. म्हणजे पोरगा एकेक वाक्य शब्दशः खरं बोलतोय! संपूर्ण कबुलीजबाब दुधाच्या पेल्यासकट समोर मांडलाय, आणि शेजारी बसलेला भाचा म्हणतोय, "बिचारा किती करतो ना आईचं." इथे उशी.

चेहऱ्याबद्दल थोडं. हसू दाबताना माणसं ओठ आवळतात. ते नवख्याला लगेच दिसतं आणि तो विचारतो, "काय झालं?" ओठ सैल सोडायचे आणि जीभ टाळूला लावायची. नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठेवावी, तिथे बहुतेक वेळ घुबड असतं. आणि नवख्याकडे बघायचं नाही. वळून वळून बघणाऱ्या यजमानाइतका मोठा रहस्यभेद दुसरा नाही. पुढच्या मिनिटाला काही होणार नसतं तर तू माझ्या तोंडाकडे कशाला बघितलंस, हे न कळण्याइतका भाचा बावळट नसतो.

पाऊण तास उलटला की न्हाणीघर. याच सुमाराला नवख्याला स्वतःच्या न्हाणीघरात जायची इच्छा होते, हा काय योग आहे कळत नाही. सिनेमा थांबवा, पण नंतर जाऊ असं त्याला म्हणू देऊ नका. नंतर तो जाणार नाही.

प्रसंग संपतो आणि आपल्या घशाशी माहिती दाटून येते. सुऱ्याचे वार साधारण 45 सेकंदांचे, त्यासाठी चित्रीकरणाचे सात दिवस. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, कृष्णधवल फिल्मवर ते छान दिसतं. सुरा खुपसल्याचा आवाज कलिंगडाच्या जातभाईचा, कसाबा नावाच्या खरबुजाचा. इतपत सांगायला हरकत नाही. पण खरी नामी माहिती अशी, की हा प्रसंग चित्रित होत होता तेव्हा नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स सेटवर नव्हताच, तो न्यूयॉर्कला नाटकाच्या तालमी करत होता, आणि पडद्यामागची आकृती मार्गो एपर नावाच्या स्टंट करणाऱ्या बाईची होती. ही माहिती म्हणजे सापळा आहे. तुम्ही ती अभिमानाने सांगता आणि भाचा म्हणतो, "पण मारलं तर म्हातारीने. मग पर्किन्स कशाला हवा होता सेटवर?"

संपलं. आता काय सांगणार? जाणकाराच्या तोंडून फुटलेलं गुपित बहुतेक वेळा असंच फुटतं. शेवट कुणी मुद्दाम सांगत नाही. माणूस चित्रीकरणाची माहिती सांगायला जातो आणि तिच्या शेपटाला शेवट बांधलेला असतो. आईच्या आवाजाचंही तेच. तो व्हर्जिनिया ग्रेग, जिनेट नोलन आणि पॉल जॅस्मिन अशा तिघांच्या आवाजांची सरमिसळ करून बनवलेला आहे. दोन बाया आणि एक बाप्या. यातला बाप्या उच्चारलात की खेळ खलास. सेटवर मिसेस बेट्स लिहिलेली रिकामी खुर्ची ठेवून हिचकॉकने जी मजा घेतली ती आपल्या वाट्याला नाही. ही सगळी माहिती शेवटची चौकट येईपर्यंत गिळायची. त्यातल्या त्यात निर्धोक म्हणजे डोळ्यातल्या बाहुलीचा किस्सा. मेलेल्या माणसाची बाहुली विस्फारते, मॅरियन झालेल्या जॅनेट लीची आकसलेली दिसते, अशी पत्रं नेत्रतज्ज्ञांनी हिचकॉकला पाठवली होती. ते सांगा. भाचा पुन्हा त्या डोळ्याकडे बघेल आणि आईला विसरेल.

यानंतरचा भाग तुलनेने सोपा, कारण भाचा आता नॉर्मनच्या बाजूला गेलेला असतो. नायिका मेली, तिच्याबरोबर पैशांची गोष्ट मेली, आणि प्रेक्षकाला धरायला कुणीतरी हवं. फरशी पुसणारा हा कामसू मुलगा हाताशी असतो. गाडी दलदलीत बुडता बुडता क्षणभर थांबते, तेव्हा भाचा "बुड, बुड" असं पुटपुटतो. खुनाचा पुरावा नष्ट व्हावा म्हणून आमच्या घरचा सुशिक्षित मुलगा प्रार्थना करतोय. त्याला हे दाखवून देण्याचा मोह टाळा.

जिना मात्र अवघड. डिटेक्टिव्ह आर्बोगास्ट वर चढतो आणि कॅमेरा एकदम छताला जाऊन चिकटतो. "वरून का दाखवलं?" हा प्रश्न येतोच. खरं उत्तर असं, की आईचा चेहरा दाखवायचा नव्हता आणि चेहरा लपवतोय हेही दिसू द्यायचं नव्हतं. नुसती पाठमोरी दाखवली असती तर संशय आला असता, म्हणून डोक्यावरून दाखवली. आणि नॉर्मन आईला उचलून तळघरात नेतो तेव्हा तर कॅमेरा तुकडा न पाडता जिन्यावरून तरंगत वर जातो. दाराआड दोघांचं भांडण ऐकू येत राहतं, त्या भांडणाच्या नादात आपण का वर चाललोय हे विचारायला कुणाला सुचत नाही. दुसऱ्यांदा बघताना माझं पोट या एका शॉटने भरतं. पण भाच्याला उत्तर काय द्यायचं? "जिना मोठा दिसावा म्हणून." खोटं आहे, पण निरुपद्रवी. पक्ष्यांइतकंच.

मग शेरीफ सांगतो, की मिसेस बेट्स दहा वर्षांपूर्वीच वारल्या, आणि विचारतो, वर जर त्या असतील तर दफनभूमीत पुरलीय ती कोण? इथे भाचा टाळी वाजवतो. "म्हणजे पुरलेली दुसरीच! आई जिवंत आहे!" पूर्ण चूक, आणि हिचकॉकला हवी तीच चूक. आता आपल्याकडे फक्त 'हं' उरतो, आणि त्यातही प्रकार आहेत. लांब 'हंऽ' संशयास्पद. चढत्या सुराचा 'हं?' म्हणजे तू चुकलास. आखूड, सपाट आणि शेंगदाणा चावता चावता काढलेला 'हं' तेवढा सुरक्षित. शेंगदाणे त्यासाठीच आणायचे.

तळघर. मॅरियनची बहीण लायला खुर्चीतल्या आईच्या खांद्याला हात लावते, खुर्ची सावकाश फिरते. तिचा हात दिव्याला लागतो आणि दिवा झोके घेतो, त्या उजेडात रिकाम्या खोबणीही बघितल्यासारख्या वाटतात. इथे एकदाच, फक्त एकदाच, नवख्याकडे बघायची परवानगी आहे. एवढ्यासाठीच तर शंभरेक मिनिटं गिळत बसलो.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं उलगडून सांगतो. हे व्याख्यान सिनेमाचा सगळ्यात कच्चा भाग आहे असं माझं मत आहे. कळलेलंच तो पुन्हा समजावतो, आणि तेही शिकवणी लावल्यासारखं. चहा टाकायचा तर आत्ता. पण उकळी फुटायच्या आत परत या, कारण कोठडीत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला नॉर्मन हातावरच्या माशीकडे बघतो, आईच्या आवाजात बोलतो, आणि त्याच्या हसण्यावर क्षणभर कवटीचे दात उमटतात. इतक्या झटकन की भाचा म्हणतो, "थांब, मागे घे." लगोलग दलदलीतून साखळीने ओढली जाणारी गाडी, आणि समाप्त.

आता तोंड उघडायला हरकत नाही. खरबूज, खुर्ची, तीन आवाज, न्यूयॉर्कची तालीम, सगळं एकदम ओठांवर येतं. पण नवखे इथे दोनच प्रकारचे निघतात. एक म्हणतो, "मला आधीच कळलं होतं." त्याला चहा देऊ नये. दुसरा बराच वेळ गप्प बसतो, आणि आता हा आईबद्दल काहीतरी विचारणार म्हणून आपण सरसावून बसतो, तर तो विचारतो,

"आणि ते पैसे?"

तज्ज्ञाने ते व्याख्यानात सांगितलं होतं, पण तेव्हा याचं लक्ष शेंगदाण्यांत. डिकीत रे बाबा. वर्तमानपत्रात गुंडाळून. सातशे वजा करून.