गोल्फचा पटर ‘काडीसारखा’ झाला, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, त्यावर वाद नाही. पण तुमचं वाचून आणखी चार जण पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, कापून घ्यायला येतील, नाहीतर यायचे थांबतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: 35 इंची पटर आमच्याकडून 33 करून घेतला, जाड ग्रिप (मूठ) बसवली आणि पटर ‘हातात काडी धरल्यासारखा’ झाला. लांबचे पट्स (पटरचे फटके) निम्म्यातच थांबतात. वजन वाढवायचे आम्ही वेगळे पैसे सांगितले. आणि आम्ही वजनासाठी लावून दिलेली शिशाची पट्टी नवव्या होलनंतर सोलून टाकली तरी काही फरक पडला नाही.

काडीसारखा वाटतोय हे अगदी खरं आहे. वाटणारच. हातोड्याचा दांडा आखूड केला की डोकं तेवढंच राहूनही तो हलका लागतो, तसंच हे. पटरचं हेड, म्हणजे चेंडूला लागणारं डोकं, काही आम्ही तासलेलं नाही, ते होतं तेवढ्याच ग्रॅमचं आहे. पण ते हातापासून दोन इंच जवळ आलं. आमच्याकडे स्विंगवेटचा, म्हणजे हेड हाताला किती जड लागतं ते मोजायचा काटा आहे, त्यावर पटर मुठीच्या टोकापासून 14 इंचांवर टेकवून तोलतात. एक इंच कापला की हा आकडा साधारण सहा ते आठ अंकांनी उतरतो. तुम्ही दोन इंच कापायला लावलेत.

त्यात ग्रिप. तुमची जुनी पिस्तूल ग्रिप बारीक आणि हलकी होती, नवीन जाड ग्रिप तिच्यापेक्षा 40 ग्रॅमनी जड आहे. मुठीकडे पाचेक ग्रॅम वाढले की काट्यावर आणखी एक अंक जातो. म्हणजे एकूण वजन वाढलं, तरी हेड मात्र हरवल्यासारखं झालं. जाड ग्रिप वाईट असते असं अजिबात नाही. मनगट गप्प बसवायला ती उत्तम. गोल्फपटू के. जे. चोईने 2007 मध्ये असली ग्रिप वापरली तेव्हा लोक हसले होते, आता कुठल्याही रविवारी टीव्ही लावा, कितीतरी खेळाडूंच्या बॅगांत दिसते. पण जाड ग्रिपमध्ये बोटांना हेड कमी कळतं. ज्यांचा अंदाज बोटांवर चालतो, त्यांना लांबच्या पट्सवर सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. तुम्ही त्यातलेच आहात, हे मी आमच्याकडच्या सरावाच्या मॅटवर तुमचे दहा-बारा पट्स बघून तेव्हाच बोललो होतो.

आता पैशांचं. तुमच्या पटरच्या तळाला स्क्रूची दोन वजनं आहेत, प्रत्येकी 10 ग्रॅमची. ही 35 इंचासाठीची जोडी. कंपन्या स्वतःच लांबी एक इंच कमी केली की हेडमध्ये साधारण 10 ग्रॅम वाढवतात. उगाच नाही वाढवत. 33 इंचाला प्रत्येकी 20 ग्रॅमची जोडी लागते, ती विकत आणावी लागते, आणि ती किंमत कापण्याच्या मजुरीत धरलेली नसते. पटर टेबलावर असताना, करवत लावायच्या आधी, हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘आधी कापा तर खरं, मग बघू.’ बिलावरही ‘वजन: ग्राहक नंतर ठरवतील’ असं लिहिलेलं आहे. त्याआधी मी असंही सुचवलं होतं, की ग्रिपवर इंचभर खाली इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, तिथून धरून दोन आठवडे खेळा आणि मग कापू. कापलेला शाफ्ट (दांडा) पुन्हा जोडता येतो, आत प्लग घालून, पण न कापलेला केव्हाही बरा. तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचा तरी 33 चा पटर तुम्हाला फार आवडला होता. त्यांची उंची आणि तुमची उंची यांत फरक आहे, एवढंच म्हणतो.

नवीन वजनं लगेच विकत घ्यायला लावायची नाहीत म्हणूनच ती शिशाची पट्टी होती. हेडच्या मागच्या खाचेत थरावर थर देऊन 20 ग्रॅम बसवली होती, फुकट. दिसायला ओबडधोबड होती, मान्य. ती ठेवायची नव्हतीच. तीन-चार राउंड खेळून तुम्ही सांगणार होतात, की 20 बरोबर आहे, 10 पुरे आहे, की नकोच. नऊ होलमध्ये हाताला नवीन वजनाची सवय होत नाही. त्यात तुम्ही ती मधेच काढलीत आणि उरलेले नऊ होल पुन्हा हलक्या पटरने खेळलात. फरक कळणार कसा?

जाता जाता सांगतो, कारण पुढे नुकसान तुमचंच होईल. मैत्रीच्या खेळात ठीक, पण स्पर्धेत राउंड चालू असताना पट्टी लावून किंवा काढून क्लबचा गुणधर्म मुद्दाम बदलायचा नाही. गोल्फचा नियम 4.1 आहे. तसं करून त्या पटरने एक जरी फटका मारला तरी थेट बाद. राउंडच्या आधी काय हवं ते चिकटवा.

आणखी एक. पटर कापला मेअखेरीस, रिव्ह्यू आलाय जुलैत. मधे पाऊस सुरू झाला. ओल्या ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) गवत तितकं बारीक कापता येत नाही, चेंडू जड चालतो. येरवड्याच्या गोल्फ मैदानावर मे महिन्यात जो पट होलपर्यंत जायचा तो आता चार पावलं अलीकडे थांबतो, आणि हे सगळ्यांचं होतंय, न कापलेल्या पटरवाल्यांचंही. तुमच्या थ्री-पटमधले (एका होलला तीन पट लागतात ते) सगळे पावसाच्या खात्यावर टाकत नाही. पण सगळे करवतीच्या खात्यावर पण टाकू नका.

एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत नाही, ती मीच सांगतो. आता तुमचे हात आधीपेक्षा खाली येतात, त्यामुळे हेडचा टो (पायांपासून लांबचं टोक) वर राहतो. मॅटवर तुम्ही उभे असताना टोखाली रुपयाचं नाणं निम्म्यापर्यंत सरकलं होतं, आठवत असेल. नेकपाशी (दांडा हेडला जुळतो तिथे) दीड-दोन अंश वाकवलं की ते बसेल. हे काम मी मुद्दाम थांबवलं होतं. वजन बदललं की उभं राहणं बदलतं, हात वर-खाली होतात, आणि मग वाकवलेलं पुन्हा सरळ करायची वेळ येते. नेक काही रोज वाकवायची वस्तू नाही.

तेव्हा असं करू. कापल्याचे पैसे परत करणार नाही, ते काम सांगितलं तसं झालंय. बाकी मजुरी माझ्याकडे. पहिल्यांदा जाड ग्रिप उतरवू. कंप्रेसरच्या हवेने ती शक्यतो न फाटता निघते. तिच्या जागी मधल्या जाडीची, हलकी ग्रिप माझ्याकडे पडलेली आहे, ती लावून बघा. हेडवर पुन्हा 20 ग्रॅमची पट्टी, या वेळी काळ्या टेपखाली, म्हणजे जोडीदार विचारणार नाहीत. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका देऊन 30 फुटांवरून मारू. ठिपका फेसवर (हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) कुठे उमटतो ते तुम्हीच बघा. हीलकडे (पायांकडच्या टोकाकडे) उमटायला लागला तर प्लग घालून 34 करायचा विचार करू, प्लगचे पैसे तेवढे लागतील. जुळलं तर स्क्रूची जोडी मागवू आणि नेक शेवटी.

शनिवार-रविवार सोडून कधीही या, त्या दिवशी मॅट रिकामी मिळत नाही. येताना खेळायचे बूट आणा, मागच्या वेळी चपलेवर उभे राहिला होतात.