कमरेला लावायचं, पण दिसू द्यायचं नाही

माझं माहेर अंबाजोगाईचं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि पाठोपाठ बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कित्येक दिवस दुसरा विषयच नव्हता. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! हवेत बार काढतानाचे व्हिडिओ, कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो, कोणाच्या शिफारशीने कोणाला मिळालं याच्या याद्या. मग प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांना बरं वाटलं. त्याच गदारोळात चुलतभावाने मला विचारलं, "ताई, तुमच्या टेक्सासात भाजी आणावी तसं पिस्तूल आणता येतं म्हणे. मग तिथं बीडपेक्षा वाईट हाल असतील की!"

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहते. भावाच्या म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी नाही. दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तुमचा पूर्वेतिहास तपासून घेतो आणि काही अडलं नाही तर तासाभरात तुम्ही पिस्तूल घेऊन बाहेर. टेक्सासात थांबायची मुदत वगैरे नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही घेता येतं. एच-वन व्हिसावर असणाऱ्यांना एरवी मनाई आहे, पण शिकारीचा परवाना काढला की ती उठते. ससासुद्धा न मारलेली आपली काही शाकाहारी मंडळी हा परवाना काढून बसली आहेत, हा आमच्याकडच्या पार्ट्यांमधला हमखास हशाचा विषय.

आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर ते लपवून जवळ बाळगायलाही परवाना लागत नाही. कायद्याने बंदी घातलेल्यांत तुम्ही नसावं, एवढंच. एकवीस वर्षं पूर्ण हवीत अशी अटही होती, पण २०२२ मध्ये कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली. त्याआधी वर्ग करावा लागायचा, लेखी परीक्षा असायची आणि नेमबाजीच्या रेंजवर पन्नास गोळ्या झाडून दाखवाव्या लागायच्या: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण मिळाले तर पास. परीक्षा अवघड नव्हती. पण पिस्तूल नीट धरताही न येणारा माणूस तिथे उघडा पडायचा. ती चाळणी काढून टाकली हे टेक्सासने चूकच केलं, असं मी इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांनाही तोंडावर सांगते. त्यांतले निम्मे तरी मान डोलावतात, कारण त्यांनी स्वतः तो वर्ग केलेला असतो.

आता माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट. ती घरविक्रीची एजंट आहे. अनोळखी माणसाला रिकामं घर दाखवायला एकटीने जायचं, हे तिचं रोजचं काम. शिवाय भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना चांगलं ठाऊक आहे. भारतीय आणि इतर आशियाई घरं हेरून, आत माणसं असताना घुसणाऱ्या एका टोळीच्या म्होरकीला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. ती बाई ह्यूस्टनचीच होती. तेव्हा मैत्रिणीची भीती हवेतली नव्हती. मी नवऱ्याबरोबर बऱ्याच वर्षांपासून रेंजवर जाते, म्हणून पिस्तूल घ्यायला जाताना तिने मला बरोबर नेलं. बजेट चारशे डॉलर.

काउंटरवरच्या भल्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यात लहान पिस्तूल काढून पुढे ठेवलं: रुगरचं एलसीपी. तळहातात मावणारं, रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, किंमतही दोनशे-अडीचशेच्या घरात. बाईमाणूस म्हणजे छोटं पिस्तूल, हे गणित जगभर एकच आहे. आठवतंय ना, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं होतं? .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप), पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्यावर आपल्याकडे खूप बोललं गेलं: बाईच्या सुरक्षेची जबाबदारी बाईच्याच पर्समध्ये टाकता का, सव्वा लाख कोणाकडे आहेत, परवाना कोण देणार. सगळे प्रश्न रास्त. पण ते चालवायला शिकवणार कोण आणि रात्री ते घरात कुठे राहणार, हे विचारणारे मात्र फार थोडे होते.

लहान पिस्तुलाची गोम अशी की ते लपवायला सोपं आणि चालवायला अवघड. वजन कमी, त्यामुळे झटका सगळा मनगटात येतो. मूठ एवढीशी, करंगळीला जागाच नाही. नळी आखूड, त्यामुळे निशाणा जरा हलला की गोळी भलतीकडे. आम्ही रेंजवर ते भाड्याने घेऊन पाहिलं. दोन मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) रिकामी झाल्यावर मैत्रिणीने ते खाली ठेवलं आणि हात झटकत म्हणाली, "हे पुन्हा हातात धरायची इच्छा नाही." पुन्हा धरायची इच्छा नाही म्हणजे सराव नाही, आणि सराव नाही तर ते पर्समध्ये असून नसून सारखंच. नसून जास्त बरं.

त्याच दिवशी आणखी एक धडा मिळाला, जो कुठल्याही जाहिरातीत नसतो. गोळी सुटल्यावर रिकामं पितळी काडतूस बाजूला उडतं आणि ते चांगलंच तापलेलं असतं. मैत्रिणीच्या कुर्त्याचा गळा खोल. काडतूस भिंतीला लागून थेट आत. चटका बसल्यावर माणूस नाचतो, वळतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं! शिक्षकाने तिचं मनगट जागच्या जागी धरलं आणि नळी समोरच ठेवली, म्हणून पुढचं टळलं. तेव्हापासून ती रेंजवर बंद गळ्याचा टीशर्ट घालून येते.

मग मधल्या आकाराची पिस्तुलं पाहिली. २०१८ मध्ये आलेल्या सिगच्या पी३६५ ने हा सगळा बाजारच बदलला. एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्या बसतील हे तोवर कोणाला वाटलं नव्हतं. वजन निर्भीकएवढंच. पण नव्याची किंमत पाचशेच्या वर जाते. ग्लॉक ४३एक्स त्याच्याच आसपास. स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस चारशेच्या आगेमागे. आणि तीनशेच्या आत हवं असेल तर ब्राझीलच्या टॉरसचं जी३सी. टॉरसचं नाव निघालं की जुने लोक नाक मुरडतात, त्याला कारण आहे: त्यांच्या जुन्या मॉडेलांपैकी काही पिस्तुलं हातातून पडली तरी गोळी सुटते, असा दावा कोर्टात गेला, आणि जवळजवळ दहा लाख पिस्तुलांबाबत २०१५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. जी३सी त्यानंतरचं. मी ते बऱ्यापैकी चालवलं आहे आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण सेकंडहँड टॉरस घेताना मॉडेल नीट वाचावं. हेच टॉरस आता जिंदाल समूहाबरोबर हरियाणात हिसारला कारखाना चालवतं. ९ मिलिमीटरचं पिस्तूल मात्र आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते बोअरच निषिद्ध. बहुतेकांची धाव .३२ पर्यंत.

शेवटी मैत्रिणीने स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझी घेतलं, आणि त्याला कारण तिची बोटं. बहुतेक छोट्या पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला जोर लागतो, ईझीची सहज येते. आकाराने ते थोडं मोठं आहे, पण तिला ते दहातल्या दहा वेळा भरता आणि रिकामं करता येतं, आणि माझ्या मते पहिली परीक्षा हीच. यातही एक खोच होती: २०२० मध्ये मार्च ते ऑक्टोबरदरम्यान बनलेल्या ९ मिलिमीटरच्या ईझींच्या हॅमरमध्ये (गोळी उडवणाऱ्या घोड्यात) दोष निघाला होता आणि कंपनीने त्या परत मागवल्या होत्या. तिला ते वापरलेलं मिळत होतं, म्हणून आधी सिरीयल नंबर तपासला, मगच पैसे दिले.

आणि इथून पुढे खरा खर्च सुरू झाला. चापावर काही अडकू नये म्हणून टणक होल्स्टर (कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान), साठ-सत्तर डॉलर. ते पेलणारा पट्टा. सरावाच्या पन्नास गोळ्यांना पंधरा डॉलरच्या आसपास, आणि जवळ बाळगायच्या पोकळ टोकाच्या वीस-पंचवीस गोळ्यांना त्याहून जास्त. रेंजची फी. घरात छोटी तिजोरी, गाडीसाठी वेगळी पेटी. पिस्तुलाएवढीच रक्कम यावर गेली. नाडीच्या सलवारीला होल्स्टर लागत नाही, लेगिंगला तर नाहीच. तेव्हा कामावर जाताना पट्ट्याची पँट आणि वर सैल कुर्ता असा तिचा गणवेश ठरला.

पर्समध्ये ठेवणं सगळ्यांत सोपं, म्हणून बहुतेक बायका तिथेच जातात. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई जागच्या जागी गेली. पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती, आईकडे परवाना होता. ट्रॉलीत मूल आणि पर्स शेजारी-शेजारी होते, एवढंच. मैत्रिणीची धाकटी चार वर्षांची आहे. त्यामुळे पर्सचा विषय मी पहिल्या दिवशीच बंद केला.

भावाला मी यातलं बरंचसं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही लपवण्यासाठी एवढे कष्ट घेता? इथं तर दिसलं नाही तर घेतलंच कशाला?" माझ्या मते बीडच्या सगळ्या चर्चेचं मूळ इथे आहे. आपल्याकडे पिस्तूल हे वजन दाखवायचं साधन आहे. स्कॉर्पिओ, पांढरे कपडे, मागेपुढे चार पोरं आणि कमरेला ते. त्यामुळे वाद होतो तोही "याला का दिलं, मला का नाही" असा. जिवाला धोका आहे हे पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पटवून दिलं की झालं. २०१६ च्या नियमांत प्रशिक्षणाची अट आहे, पण ती कागदावर भागवली जाते की खरोखर, याबद्दल एकाही चॅनेलवर तासभर चर्चा झालेली मी पाहिली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोन हत्यारं केली, हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आणि त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. म्हणजे एकदा मिळालं की पाच वर्षं कोणी हात तपासणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोविंदाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायात लागली, तेव्हा लोक हसले, मीम्स झाले. त्यात हसण्यासारखं काय होतं? तो किस्सा पायावर निभावला, एवढंच.

टेक्सासचं अनुकरण करा असं मी कोणाला सांगणार नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरातलं पिस्तूल चोराच्या आधी घरातल्याच माणसाच्या हाती लागतं, हे त्या आकड्यात दिसतं. भारतातला परवाना अवघड आहे तो अवघडच राहावा. फक्त ती अडचण ओळखीपाळखीची नको, हाताची हवी. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक आणलं, स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य. दोघंही कोल्हापूर जिल्ह्याचे. नेमबाजी शिकवणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. परवाना मागणाऱ्या प्रत्येकाला अशा एखाद्या रेंजवर पन्नास गोळ्या झाडायला लावाव्यात आणि दरवर्षी पुन्हा बोलवावं. पांढऱ्या कपड्यांतले निम्मे अर्ज तिथेच गळतील. आणि हत्यार घरात कुलपात राहतं का, ते पाहायला हवालदाराने जाऊन यावं.

मैत्रिणीने गरज नसताना वर्ग करून परवानाही काढला. सक्ती नसली तरी फायदा आहे: शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर केंद्राची बंदी आहे, त्यातून राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते. मुलीला आणायला गाडीने शाळेसमोर उभं राहणाऱ्या आईला हे माहीत असायलाच हवं. मी स्वतः जवळ बाळगत नाही. माझं काम ऑफिसात, रिकाम्या घरात एकटीने जावं लागत नाही; तिजोरीतलं तिजोरीत राहतं, महिन्याकाठी रेंजवर येतं.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो मंडळाच्या गणपतीचा. हॉलच्या दारावर '३०.०६' ची पाटी, म्हणजे परवानाधारकानेही लपवलेलं पिस्तूल आत आणू नये असं सांगणारी टेक्सासच्या कायद्यातली पाटी, लावायची की नाही? नुसतं पिस्तुलावर काट मारलेलं चित्र चिकटवलं तर परवानाधारकावर ते बंधनकारक नाही. कायद्याने ठरवून दिलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान इंचभर उंचीच्या अक्षरांत हवा. पाटीला विरोध करणारे २०१९ च्या डिसेंबरात फोर्ट वर्थजवळच्या चर्चमध्ये काय झालं ते सांगतात: हल्लेखोराला तिथल्याच एका स्वयंसेवकाने काही सेकंदांत टिपलं. खरं आहे. पण तो स्वयंसेवक मुरलेला प्रशिक्षक होता, आणि आमच्या ढोलपथकाच्या गर्दीत, लेझमीच्या मध्ये, कोणाच्या सदऱ्याखाली काय आहे आणि त्याने शेवटचा सराव कधी केला, हे मला माहीत नाही. मी पाटीच्या बाजूने आहे, आणि दारावर तासाच्या बोलीने पोलीस ठेवण्याच्याही. अडलंय ते पुढच्या मुद्द्यावर: पाटी लावली की लोक पिस्तूल गाडीत ठेवून येणार, आणि ह्यूस्टनमध्ये दरवर्षी हजारो पिस्तुलं गाड्या फोडूनच चोरीला जातात. सीटखाली साखळीने बांधायच्या पेट्या तीस-चाळीस डॉलरला मिळतात. निमंत्रणातच त्या लिहाव्यात का, यावर कार्यकारिणीत अजून एकमत नाही.