मरत नाहीत, पंगतीत मागे पडतात

नमस्कार सर,

सांडपाण्यातला फॉस्फरस बॅक्टेरियाकडून काढण्यावरच्या माझ्या लेखात, पीएच उतरला की हे बॅक्टेरिया मरतात, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण कामाची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'आमच्या प्लँटमध्ये पीएच 6.8 असताना एकही बॅक्टेरिया मेला नाही, मग आम्लतेचा बाऊ कशाला? पहिल्या टाकीत फॉस्फरस वाढतो असं तुम्हीच लिहिता, मग काढला काय? ही विलायती थेअरी मराठवाड्याच्या उन्हात चालत नाही. तुरटी टाका अन् मोकळे व्हा.'

'मरतात' हा शब्द माझाच, आणि तो चुकलाच. लेखात बदललाय. ते मरत नाहीत, उपाशी राहतात.

आपल्याकडे पेरणीला पैसा नसला की घरातला डाग, म्हणजे दागिना, मोडतात, सुगी झाली की पुन्हा करतात. हा बॅक्टेरिया तेच करतो. बिनहवेच्या पहिल्या टाकीत साठवलेला पॉलिफॉस्फेट (फॉस्फेटची साखळी) मोडून तो अॅसिटेटसारखं खाणं आत ओढतो. मोडलेला फॉस्फेट पाण्यात येतो, म्हणून तिथे फॉस्फरस वाढतो. पुढे हवेच्या टाकीत तो सोडल्यापेक्षा जास्त परत घेतो आणि गाळाबरोबर बाहेर जातो. पहिल्या टाकीतली वाढ हे दुखणं नव्हे, बरं लक्षण आहे.

पंगतीला दुसराही एक जण असतो. त्याच्याकडे डाग नाही, नुसता ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. तो खाणं तेवढं फस्त करतो, फॉस्फरसला हात लावत नाही. पीएच वाढला की खाणं पेशीच्या पडद्यातून आत ओढायला जास्त ऊर्जा लागते. प्रयोगशाळेत पीएच 5.5 वरून 8.5 वर नेल्यावर तेवढ्याच अॅसिटेटमागे सुटणारा फॉस्फेट जवळपास तिप्पट झालेला दिसला. डागवाल्याला हे महाग खाणं परवडतं, दुसऱ्याची दमछाक होते. पीएच उतरला की खाणं स्वस्त, आणि मग दुसऱ्याचीच चंगळ. अशाच प्रयोगांत पारडं फिरलं ते साधारण 7.25 ला. तुमचा 6.8 त्याच्या खाली येतो.

गेल्या मे महिन्यात एका डेअरीच्या प्लँटवर हेच पाहिलं. वरून सगळं झकास: गाळ छान बसतोय, बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरलेला. ऑपरेटर पोरानं पहिल्या अन् शेवटच्या टाकीतलं पाणी गाळून फॉस्फेटची टेस्ट लावली (फॉस्फेट जास्त, तेवढी निळाई गडद), तर दोन्ही नळ्या सारख्याच निळ्या! ना सोडलं, ना घेतलं. पहिल्या टाकीला आंबट ताकाचा वास, पीएच 6.6.

'विलायती' म्हणाल तर, गाळ फॉस्फरस झपाट्यानं ओढतो ही सुरुवातीची नोंद 1959 ची, बंगळुरूच्या श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांची. उन्हाचा मुद्दा मात्र तुमचा खरा. पाणी 30 अंशांच्या आसपास गेलं की त्या फुकट्याला आणखी बळ येतं. म्हणून तर इथे पीएच जास्त जपायचा.

तुरटीनं फॉस्फरस बसतो, नाकारत नाही. पण ती पाण्यातली क्षारता (आम्ल पचवायची ताकद) खाते, गाळ वाढवते, आणि खर्च रोजचा. आपल्या बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर आणतं, त्याला आपण शिव्या देतो. त्यातली क्षारताच पीएच धरून ठेवते. पण अमोनियाचं नायट्रेट होताना 1 मिलिग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 7 मिलिग्रॅम क्षारता जाते. कमी पडली तर चुना किंवा सोडा अॅश द्या, पण बेतानं. चुना जास्त झाला तर फॉस्फेट कॅल्शियमबरोबर आपोआप बसतो, आणि श्रेय उगाच बॅक्टेरियाला जातं.

तुमचा 6.8 कुठल्या टाकीतला? शेवटचा असेल तर पहिल्या टाकीचाही बघा, आणि दोन्ही नळ्यांचा रंग इथेच कळवा.